पडीक डोमेन आणि शोधयंत्रांची पारख

बँकेचे पासबुक, विद्यापीठाचे माहितीपत्रक, बचत गटाच्या पापडाचे पाकीट, अशा कितीतरी ठिकाणी आता संकेतस्थळाचा पत्ता छापलेला असतो. या पत्त्याचा गाभा म्हणजे डोमेन नाव. ते ठरावीक शुल्क भरून, ठरावीक वर्षांसाठी नोंदवावे लागते. मात्र नोंदवलेल्या असंख्य नावांच्या मागे प्रत्यक्षात संकेतस्थळ नसतेच. तेथे गेल्यास एक साचेबंद पान उघडते. वर 'हे नाव विकणे आहे' अशी सूचना असते आणि खाली जाहिरातींच्या दुव्यांची यादी. अशा नावांना 'पार्क केलेली डोमेन' म्हटले जाते. मराठीत त्यांना पडीक डोमेन म्हणणे अधिक समर्पक ठरेल. शहराच्या वेशीवर भाववाढीची वाट पाहत मोकळा ठेवलेला भूखंड आणि हे नाव यांचे अर्थशास्त्र बरेचसे सारखेच आहे. फरक एवढाच, की भूखंड मधल्या काळात सहसा काही कमावून देत नाही. पडीक डोमेन मात्र देऊ शकते.

उत्पन्नाचा उगम

पडीक डोमेनवर लोक येतात ते मुख्यतः दोन वाटांनी. काही जण शोध न घेता अंदाजाने नावच टंकतात, किंवा टंकताना एखादे अक्षर चुकवतात. दुसरी वाट जुन्या दुव्यांची. नाव पूर्वी एखाद्या चालत्या संस्थेचे असेल, तर इतर संकेतस्थळांवरील दुवे, जुनी पत्रके आणि छापील उल्लेख यांच्या आधारे लोक तेथे येतच राहतात. आलेल्यांपैकी कोणी जाहिरातीच्या दुव्यावर टिचकी मारली, की जाहिरातदाराकडून मिळणारी रक्कम जाहिरात पुरवणारी कंपनी, पार्किंगची सेवा देणारी कंपनी आणि नावाचा धारक यांच्यात वाटली जाते.

या व्यवहाराचे गणित अगदी साधे होते. २००७ पर्यंत '.कॉम' नावाचे घाऊक वार्षिक शुल्क ६ डॉलर होते. वर्षाकाठी त्याहून थोडे अधिक मिळवून देणारे नाव राखून ठेवणे फायद्याचे, मग त्यावर एक ओळही लिहिलेली नसली तरी चालेल. त्यातच नियमांमध्ये एक फट होती. नवीन नोंदणी पाच दिवसांच्या आत रद्द केल्यास शुल्क परत मिळत असे. मूळ हेतू टंकलेखनातील चुका दुरुस्त करण्याचा होता. परंतु व्यापाऱ्यांनी लाखो नावे नोंदवून, पाच दिवस जाहिरातींचे उत्पन्न मोजून, तोट्याची नावे परत करण्याचा धंदाच उभारला. याला 'डोमेन टेस्टिंग' म्हणजे नावांची चव घेणे असे नाव पडले. फुकट मिळणारा पर्याय कोणीही व्यापारी अमर्याद वापरणारच, त्यात आश्चर्य नाही. डोमेन व्यवस्थेचे नियमन करणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने २००८ मध्ये प्रमाणाबाहेर रद्द होणाऱ्या प्रत्येक नावावर २० सेंट आकारले आणि २००९ मध्ये परताव्यावरच मर्यादा घातली. परिणामी टेस्टिंग जवळपास संपले. इतक्या अल्प आकारणीने इतका मोठा बदल घडल्याची उदाहरणे आर्थिक धोरणाच्या इतिहासात फारशी नाहीत.

शोधयंत्राची दृष्टी

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. 'क्रॉलर' नावाची आज्ञावली एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने गोळा करते. त्यातील निवडक पानांची शब्दवार सूची तयार होते. वाचकाने प्रश्न विचारला, की सूचीतील योग्य पाने क्रमाने मांडली जातात. सूचीत असणे आणि वरच्या क्रमांकावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. क्रम ठरवताना दुव्यांना मोठे महत्त्व आहे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस मानली गेली. ज्याला वजनदार पानांच्या शिफारशी अधिक, त्याचे वजनही अधिक.

पडीक डोमेनने नेमक्या याच तत्त्वाला अडचणीत आणले. शिफारस पूर्वीच्या मजकुराला दिलेली असते, पण ती चिकटून राहते नावाला. मजकूर गेला, मालक बदलला, तरी दुवे जागच्या जागी राहतात. शिवाय शोधशब्दच नावात असला, तर त्याचा वेगळा लाभ मिळत असे. त्यामुळे काही काळ जाहिरातींखेरीज काहीही नसलेली पाने शोधाच्या निकालात डोकावत राहिली.

अशी पाने ओळखणे मात्र वाटते तितके कठीण नाही. पार्किंग कंपनीकडील हजारो नावे तिच्या मोजक्याच नेमसर्व्हरकडे बोट दाखवतात. पानांचा साचा तोच असतो आणि स्वतःचा मजकूर जवळजवळ नसतो. आणखी एक खूण बोलकी आहे. नेहमीच्या संकेतस्थळावर अस्तित्वात नसलेले पान मागितले, तर सर्व्हर 'सापडले नाही' असे उत्तर देतो. पडीक डोमेनवर मात्र काहीही मागा, सर्व काही ठीक असल्याचा संकेत देऊन तेच जाहिरातींचे पान पुढे केले जाते. शोधयंत्रे अशा उत्तराला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे होकाराच्या वेषातील नकार, समजतात आणि ते पान सूचीत घेत नाहीत.

गुगलने डिसेंबर २०११ मध्ये पार्क केलेली डोमेन आपोआप ओळखणारी नवी पद्धत लागू केल्याचे जाहीर केले आणि अशी पाने बहुतांश वेळा निकालात दाखवायची नाहीत, अशी भूमिका घेतली. सप्टेंबर २०१२ मध्ये केवळ शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या नावाच्या बळावर वर येणाऱ्या निकृष्ट स्थळांना खाली ढकलणारा बदल झाला. यातील विसंगती लपणारी नाही. याच कंपनीने २००३ मध्ये 'अप्लाइड सिमँटिक्स' ही पार्किंगच्या जाहिरातींचाही व्यवसाय असलेली कंपनी विकत घेतली होती, आणि पडीक पानांवर जाहिराती पुरवून ती पुढेही वर्षानुवर्षे कमावत राहिली. शोधविभाग ज्या पानाला निरुपयोगी ठरवतो, त्याच पानावर जाहिरातविभाग भाडे घेतो, असा हा संसार होता. २०२५ मध्ये जाहिरातदारांना अशा पानांपासून मुळातच वगळण्याचे धोरण आले, तेव्हा कुठे दोन्ही विभागांचे सूर जुळू लागले.

पडीक नाव विकत घेऊन त्यावर खरा व्यवसाय उभारणाऱ्या लहान उद्योजकाला याची झळ बसू शकते. क्रॉलर पुन्हा येऊन बदल टिपेपर्यंत त्याचे स्थळ निकालात दिसत नाही. म्हणून संकेतस्थळ तयार होण्यास अवधी असेल, तरी व्यवसायाची माहिती देणारे दोन परिच्छेद त्या नावावर आधीच ठेवणे शहाणपणाचे.

मुदत संपलेल्या नावांचा वारसा

अधिक गंभीर प्रश्न आहे तो सोडून दिलेल्या नावांचा. '.कॉम'सारख्या नावाची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत मिळते. नाव रद्द झाले, तरी आणखी ३० दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही खुले होते. अशा क्षणाची वाट पाहणाऱ्या यंत्रणा क्षणार्धात ते टिपतात. त्यांना हवा असतो तो नावाशी जोडलेला विश्वास.

समजा, एखाद्या जिल्ह्यातील आरोग्य प्रकल्पासाठी कंत्राटदाराने '.ओआरजी' नाव घेतले. पाच वर्षे वृत्तपत्रांनी, महाविद्यालयांनी, शासकीय पानांनी त्याला दुवे दिले. प्रकल्प संपला, निधी थांबला, नूतनीकरणाची आठवण कंत्राटदाराच्या बंद झालेल्या ई-मेलवर जात राहिली. पुढे त्या नावावर आधी जाहिरातींचे पान आणि नंतर जुगाराचे स्थळ उभे राहते. सार्वजनिक पैशातून कमावलेला विश्वास फुकटात दुसऱ्याच्या हाती जातो. गुगलने मार्च २०२४ मध्ये मुदत संपलेल्या डोमेनचा असा वापर गैरप्रकारांच्या यादीत स्पष्टपणे घातला. पण शोधयंत्राचे हात निकालाच्या यादीपुरतेच पोहोचतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेला पत्ता वाचून थेट येणाऱ्या माणसाला ते अडवू शकत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो मर्यादित. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात स्पष्ट केले. '.इन' नावांसाठी २००५ पासून लवादाची व्यवस्था आहे. '.कॉम' वा '.ओआरजी' नावांसाठी मात्र आयकॅनच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीकडे जावे लागते. तिचा खर्च लहान संस्थांना पेलणारा नाही. जे नाव हातून सुटू नये म्हणून वर्षाला काही शे रुपये, फार तर हजार-दीड हजार लागले असते, ते परत मिळवण्यासाठी लाखांची गोष्ट येते.

या पार्श्वभूमीवर बँकांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी '.बँक.इन' हे राखीव क्षेत्र जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर पूर्ण करण्यास सांगितले. हैदराबाद येथील आयडीआरबीटी ही त्याची एकमेव नोंदणी संस्था आहे. येथे नाव कोणालाही घेता येत नसल्याने या क्षेत्रात पडीक नावांचा बाजार उभा राहण्याचा संभव नाही. परंतु प्रश्न बँकांनी मागे सोडलेल्या नावांचा आहे. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण दिले, तर शोधयंत्रे जुन्या दुव्यांचे वजन नव्या नावाकडे नेतात. असे वळण किमान एक वर्ष, आणि शक्य तितका अधिक काळ, ठेवावे असे गुगलचे मार्गदर्शन आहे. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांसह अनेक बँकांच्या पासबुकांवर, धनादेशांवर आणि खातेदारांच्या मोबाइलमध्ये साठलेल्या संदेशांत जुने पत्ते तसेच आहेत. वर्षभरानंतर जुन्या नावाचे नूतनीकरण खर्चकपातीच्या यादीत पडले, तर ते नाव कोणाच्या हाती जाईल यावर बँकेचे कोणतेही नियंत्रण उरत नाही, आणि पासबुक मात्र खातेदाराच्या कपाटात पुढची दहा वर्षे असते.