कामगारांचे अवधान आणि अपघात-प्रतिबंध

अपघाताच्या चौकशीत यंत्रातील बिघाड बहुधा सापडतो. परंतु यंत्र चालविणाऱ्याचे अवधान त्या क्षणी कितपत जागृत होते, हे नंतर सांगणे कठीण असते. म्हणूनच ते आधी मोजण्याचे प्रयत्न झाले.

ट्रामचालकांची चाचणी

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक ह्यूगो मून्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकांसाठी तयार केलेल्या चाचणीचे वर्णन त्यांच्या १९१३ च्या ग्रंथात आहे. कागदावरील दोन रेषा म्हणजे रूळ. आजूबाजूचा १ हा आकडा म्हणजे पादचारी, २ म्हणजे दुप्पट वेगाचा घोडा व ३ म्हणजे तिप्पट वेगाची मोटार. काळे आकडे रुळांना समांतर जाणारे, तर तांबडे रुळांकडे येणारे. यांपैकी कोण रुळावर येईल, हे चालकाने त्वरेने ओळखावयाचे. वेळ आणि चुका या दोहोंची नोंद होई.

रेल्वेतील पद्धती

कुंझरू समितीच्या शिफारशीनुसार भारतीय रेल्वेने १९६४ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. सहायक लोको पायलट या पदाच्या निवडीत स्मरण, एकाग्रता, सूचनांचे पालन, आकलनाचा वेग इत्यादी गुण तपासले जातात. प्रत्येक चाचणीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. कारण एकाग्रतेतील उणीव उत्तम स्मरणशक्तीने भरून निघत नाही.

थकव्याचे मोजमाप

तथापि, निवडीच्या दिवशी तरतरीत असलेला कामगार रात्रपाळीच्या अखेरीस तसाच असेल असे नाही. सतत सतरा तास जागे राहिल्यास कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घटते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. पडद्यावर खूण दिसताच कळ दाबण्याची दहा मिनिटांची साधी चाचणीही हा थकवा उघड करते.

मर्यादा

चाचणी हे शिक्षेचे साधन होता कामा नये. कमी गुण मिळताच मजुरी बुडणार असेल, तर कामगार आपला थकवा लपवील. त्याला विश्रांती अथवा तात्पुरते दुसरे काम मिळावयास हवे. तसेच चाचणी घेतली म्हणून यंत्राचे संरक्षक आवरण काढून ठेवता येत नाही.

मळणीयंत्रावर राबणारा मजूर किंवा रात्री उसाचा ट्रॅक्टर हाकणारा चालक यांची चाचणी घेण्याची सोय गावात नसते. परंतु तो किती तास जागा आहे, हा प्रश्न कोणासही विचारता येतो. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हंगामात तो आवर्जून विचारला, तर अपघात टाळण्याची सुरुवात तेथूनच होईल.