ज्या गांवांत काम उरलें नाहीं

नव्या करारांतील द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आपल्या शाळेंत प्रत्येकानें एकदां तरी ऐकलेली असते. धनी भल्या पहाटे मजूर ठरवितो, पुन्हा पुन्हा बाजारांत जातो, आणि दिवस मावळतीला लागला तरी कांहीं माणसें तेथें रिकामीं उभीं असलेलीं त्याला आढळतात. कारण विचारतां तीं सांगतात कीं आम्हांला कोणी कामास लाविलेंच नाहीं. या गोष्टीचा धार्मिक अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानें त्या उत्तरापाशीं क्षणभर थांबावें. तीं माणसें आळशी होतीं असें गोष्टींत कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

आतां एखादें सबंध गांवच असें बाजारांत उभें राहिलें, आणि एक दिवस नव्हे तर वर्षानुवर्षें उभें राहिलें, तर सरकारनें काय करावें? पैसा द्यावा, हें उत्तर कोणीहि देईल. परंतु तो कोणाच्या हातीं, कशासाठीं व कोणत्या अटीवर द्यावा, येथें खरी अडचण सुरू होते. इंग्लंडमध्यें १९३४ सालीं या प्रश्नाला सरकारनें प्रथमच कायद्यानें हात घातला. ती हकीकत आपल्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यांत टाइन नदीच्या दक्षिण तीरावर जॅरो नांवाचें गांव आहे. आठव्या शतकांत बीड नांवाचा विद्वान् साधु येथील मठांत राहत असे, व इंग्लंडांतील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास त्यानें येथेंच लिहिला. अर्वाचीन जॅरो मात्र चार्ल्स मार्क पामर यानें वसविलें. त्यानें १८५२ सालीं येथें 'जॉन बोज' हें कोळसा वाहणारें लोखंडी आगबोटीचें जहाज पाण्यांत लोटलें, आणि पुढील ऐंशी वर्षांत त्याच्या कारखान्यांतून सुमारें एक हजार जहाजें बाहेर पडलीं. खनिज लोखंड एका टोकानें आंत जाई, त्याचा रस होई, पत्रे होत, आणि दुसऱ्या टोकानें तयार जहाज नदींत उतरे. कांहीं हजार वस्तीचें खेडें तीस हजारांवर गेलें. बाप गोदींत, मुलगा गोदींत, जांवई गोदींत; दुकानदाराचा हिशेब चुकता व्हावयाचा तोहि गोदीच्या पगाराच्या दिवशीं. एका कारखान्यावर सबंध गांव उभें होतें, आणि भरभराटीच्या दिवसांत त्यांतील धोका कोणाच्या डोळ्यांस दिसला नाहीं.

पहिलें महायुद्ध संपल्यावर जहाजांची मागणी घटली. देशांत गोद्या फार झाल्या असें पाहून जहाजबांधणाऱ्यांनींच १९३० सालीं एक कंपनी काढली. जादा गोद्या विकत घेऊन बंद करणें हाच तिचा धंदा होता. पामरचा कारखाना १९३३ सालीं बुडाला. पुढच्या वर्षीं या कंपनीनें ती गोदी विकत घेतली, आणि चाळीस वर्षें येथें जहाज बांधूं नये अशी अट घातली. उद्योगाच्या दृष्टीनें हा हिशेब बरोबर असेल. जॅरोच्या दृष्टीनें तो काय होता हें सांगावयास नको. गांवांतील दर शंभर कामकऱ्यांपैकीं सत्तरांहून अधिक बेकार झाले.

अशा गांवाची गति पुढें कशी होते तेंहि पाहण्यासारखें आहे. पगार थांबला कीं वाण्याची उधारी वाढते, शिंप्याचें शिवणकाम बसतें, चहाचें दुकान बंद होतें. म्हणजे गोदीशीं ज्यांचा संबंध नव्हता तेहि बेकार होतात. घरपट्टी वसूल होत नाहीं, आणि नेमकी त्याच वेळीं गोरगरिबांच्या पोटापाण्याची तरतूद नगरपालिकेवर येऊन पडते. रस्ते, शाळा, गटारें यांवर खर्चावयास पैसा उरत नाहीं. नवा कारखानदार असें गांव पाहून तोंड फिरवितो. शिवाय रिव्हेट ठोकणाऱ्या कारागिराचा हात पांच वर्षें रिकामा राहिला म्हणजे त्याचें कसब तसेंच राहत नाहीं. गरिबी येथें नव्या गरिबीला जन्म देते. म्हणूनच अशा ठिकाणीं 'वाट पाहा, बाजारभाव आपोआप सुधारेल' हा उपदेश लागू पडत नाहीं.

सरकारचा पहिला उपाय याहून सोपा होता: काम गांवाकडे नेतां येत नसेल तर माणसें कामाकडे न्यावीं. १९२८ सालापासून वेल्स व उत्तर इंग्लंडांतील बेकारांना दक्षिणेकडे पाठविण्याची योजना सुरू झाली. पुष्कळांना तिचा फायदा झाला, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु जाणारा कोण? तरुण, धडधाकट, शिकलेला. मागें राहणारा कोण? पन्नाशी उलटलेला, आजारी, आईबापांना सांभाळणारा. अशा रीतीनें गांवाची कमावती पिढी निघून गेली व खर्चाचा बोजा तेवढाच राहिला. आपल्याकडे कोंकणांतल्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हें अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं.

डिसेंबर १९३४ मध्यें पार्लमेंटनें नवा कायदा केला. मूळ मसुद्यांत 'दुर्दशेंतील प्रदेश' असे शब्द होते. उमरावांच्या सभेला ते बरे वाटले नाहींत, म्हणून 'खास प्रदेश' असें नांव पडलें. (नांव गोड केल्यानें दुखणें हटत असतें तर वैद्यांची गरज उरली नसती.) दक्षिण वेल्स, डरहॅमसह टाइनचा कांठ, पश्चिम कंबर्लंड, आणि स्कॉटलंडचा मध्यभाग, असे चार प्रदेश ठरले, जॅरो त्यांपैकीं दुसऱ्यांत आलें. इंग्लंड व वेल्ससाठीं सर माल्कम स्टुअर्ट व स्कॉटलंडसाठीं सर आर्थर रोझ हे दोन कमिशनर बिनपगारी नेमले गेले, आणि त्यांच्या हातीं आरंभीं वीस लाख पौंड देण्यांत आले.

रकमेपेक्षांहि अटी पाहण्यासारख्या आहेत. नफ्यासाठीं चालणाऱ्या कोणत्याहि कारखान्यास कमिशनरांनीं मदत देतां कामा नये. दुसरें सरकारी खातें ज्या कामाला अनुदान देतें, त्याला त्यांनीं भर घालतां कामा नये. या अटींमागील हेतु वाईट नव्हता. करदात्याच्या पैशानें एका व्यापाऱ्याचा खिसा भरून शेजारच्या व्यापाऱ्यास बुडवूं नये, हें तत्त्व मानण्यासारखेंच आहे. पण परिणाम असा झाला कीं काम उत्पन्न करणें हा ज्या पैशाचा हेतु, तो पैसा काम देणाऱ्याला सोडून बाकी सर्वत्र जाऊं लागला. गटारें बांधलीं गेलीं, इस्पितळांना देणग्या मिळाल्या, बेकारांना लहान लहान शेतें देऊन वसविण्याचे प्रयोग झाले. हीं सर्व कामें चांगलीं होतीं. तरी गटार बांधून झालें कीं बांधणारा मजूर पुन्हा घरीं बसतो.

स्टुअर्ट यांनीं कारखानदारांना हजारों पत्रें पाठवून विचारलें कीं आपण या प्रदेशांत याल काय? होकार अगदींच थोडे आले. त्याचें कारण उघड होतें. यंत्रें पूर्वीं वाफेवर चालत, म्हणून कारखाना कोळशाजवळ असावा लागे. आतां वीज आली होती, आणि नवा कारखानदार गिऱ्हाइकाजवळ, म्हणजे लंडन व मध्य इंग्लंड येथें, जाऊं पाहत होता. स्टुअर्ट यांनीं १९३६ च्या अहवालांत स्पष्ट लिहिलें कीं लंडनच्या आसपास नवे कारखाने वाढण्यास आळा घालावा. त्या काळीं हें म्हणणें धाडसाचें होतें. त्याच वर्षीं त्यांनीं आपलें पद सोडलें.

तथापि त्यांच्या कारकीर्दींत एक बी पेरलें गेलें, व या सर्व प्रकरणांत मला तेंच सर्वांत मोलाचें वाटतें. तें म्हणजे औद्योगिक वसाहत. जॅरोपासून थोड्या मैलांवर गेट्सहेड येथें टीम नदीच्या खोऱ्यांत सुमारें सातशें एकर जागा घेऊन १९३६ सालीं काम सुरू झालें. नदीचें पात्र सरळ केलें, रस्ते आंखले, रूळ टाकले, वीज व पाणी आणलें, आणि कारखान्यांच्या तयार इमारती भाड्यानें देण्यासाठीं बांधल्या. ज्याच्याजवळ कल्पना व थोडें भांडवल आहे, पण जागा घेऊन इमारत बांधण्याची ऐपत नाहीं, अशा माणसाला येथें दार उघडें झालें. अनुदान कोणा एकाच्या खिशांत गेलें नाहीं. तें जमिनींत गेलें, आणि एक भाडेकरी निघून गेला तरी इमारत दुसऱ्याच्या उपयोगास राहिली. वेल्समधील ट्रेफॉरेस्ट येथील वसाहतींत तर हिटलरच्या जुलमाला कंटाळून जर्मनी व ऑस्ट्रियांतून पळून आलेल्या अनेक कारखानदारांनीं आपलीं यंत्रें मांडलीं. परक्यांना आसरा दिला, आणि त्यांनींच घरच्यांना काम दिलें! पुढें १९३७ च्या कायद्यानें अशा जागीं येणाऱ्यांना भाड्यांत व करांत सवलत देण्याचीहि मोकळीक झाली.

उणीव येथेंहि होती. हलक्या मालाच्या या कारखान्यांना बहुधा मुली व तरुण पोरें हवीं असत. बेकार होता तो पंचेचाळीस वर्षांचा, लोखंड झेलणारा बाप. मुलगी पगार आणी व बाप चुलीपाशीं बसून राही, असा देखावा पुष्कळ घरीं दिसे. काम आलें, पण ज्याच्यासाठीं हवें होतें त्याच्याकडे तें आलेंच असें नाहीं.

जॅरोला तर तेवढेंहि मिळालें नव्हतें. गांवांत पोलादाचा कारखाना काढण्याची एक योजना निघाली होती, ती फसली. व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्याकडे शिष्टमंडळ गेलें, तेव्हां जॅरोनें आपला उद्धार आपणच करून घ्यावा, असें उत्तर त्यांस मिळालें. तेव्हां ५ ऑक्टोबर १९३६ रोजीं गांवांतील दोनशें पुरुष पायीं लंडनला निघाले. ओकच्या लांकडी पेटींत अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज होता. त्यांची पार्लमेंटांतील प्रतिनिधि एलन विल्किन्सन ही बुटकीशी बाई वाटेंत बराच भाग त्यांच्याबरोबर चालली. निघतांना जॅरोच्या बिशपांनीं आशीर्वाद दिला; डरहॅमचे बिशप हेन्सन यांनीं मात्र असा मोर्चा काढणें अयोग्य म्हणून टीका केली. एकाच धर्ममंडळीचे दोन वडील एका प्रश्नावर असे दोन बाजूंस उभे होते, हें आपल्या मासिकाच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ३१ ऑक्टोबरला ते लंडनला पोंचले; ४ नोव्हेंबरला अर्ज कॉमन्स सभेपुढें ठेवला गेला; मुख्य प्रधान बॉल्डविन यांनीं भेट दिली नाहीं. घरीं परतल्यावर कळलें कीं गैरहजेरीच्या दिवसांत आपण कामासाठीं हजर नव्हतों, या सबबीवर बेकारीचा भत्ता कापला गेला आहे.

याच सुमारास जॅरोच्या नदीकांठीं 'ऑलिंपिक' हें 'टायटॅनिक'चें भावंड असलेलें प्रचंड जहाज उभें होतें. सर जॉन जार्व्हिस या गृहस्थांनीं तें मोडण्यासाठीं विकत घेऊन येथें पाठविलें होतें, म्हणजे कांहींशें माणसांना कांहीं महिने काम मिळावें. जहाजें घडविलेले हात आतां जहाज तोडीत होते. हेतु परोपकाराचा होता यांत शंका नाहीं. पण तोडण्याचें काम तुटेपर्यंतच पुरतें.

शेवटीं काम आलें तें शस्त्रसज्जतेमुळें व दुसऱ्या महायुद्धामुळें. खास प्रदेशांच्या कायद्यानें बेकारी हटविली असें म्हणणें खोटें होईल. पण युद्धानंतर १९४५ सालीं जो नवा कायदा झाला, त्यांत सरकारला कारखाने बांधण्याचा अधिक मोठा अधिकार मिळाला, तो या जुन्या प्रयोगाच्या चुका पाहूनच. टीम खोऱ्याची वसाहत आजहि गजबजलेली आहे.

अलीकडे या विषयांत एक महत्त्वाचा विचार पुढें आला आहे, तो मोजणीचा. बेकारांच्या यादींत नांव असतें तें काम शोधणाऱ्याचें. ज्यानें निराश होऊन शोधणेंच सोडलें तो यादींतून गळतो, आणि कागदावर गांव सुधारल्यासारखें दिसतें. म्हणून अमेरिकेनें २०२२ सालच्या एका कायद्यांत वेगळी कसोटी लाविली: २५ ते ५४ वर्षांच्या माणसांपैकीं प्रत्यक्ष कामावर किती आहेत? जेथें हें प्रमाण देशाच्या मानानें फार खालीं, तेथें अनुदान. कायद्यांत शंभर कोटि डॉलरांची मर्यादा घातली असली तरी प्रत्यक्ष मंजूर झाले वीस कोटि. पांचशेंहून अधिक अर्ज आले, व २०२४ सालीं मोठीं अनुदानें सहा ठिकाणांस मिळालीं. थोडें थोडें सर्वांस वांटण्यापेक्षां थोड्यांस पुरेसें द्यावें, हा त्यांतील विचार मला पटतो. तथापि उरलेल्या शेंकडों गांवांना तो कसा पटवावयाचा, हें मला सांगतां येणार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतहि हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें उभा राहिला. मुंबई, ठाणें व पुणें येथें कारखान्यांची गर्दी आणि मराठवाडा, विदर्भ, कोंकण येथें रिकामे हात. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, व १९६४ पासून मागासलेल्या भागांत जाणाऱ्या कारखान्यांस सवलती देण्याची योजना सुरू झाली. जितका तालुका मागासलेला तितकी सवलत अधिक, असें धोरण पुढें ठरलें. एम. आय. डी. सी. हा शब्द आतां खेड्यांतल्या मुलाच्याहि तोंडीं असतो. तेव्हां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या जवळच्या वसाहतींत एकदां जाऊन यावें. किती गाळ्यांतून यंत्रें चालूं आहेत व किती गाळ्यांना कुलूप आहे तें मोजावें. आंत काम करणारीं माणसें त्याच तालुक्यांतलीं कीं बाहेरचीं, बाप कामावर आहे कीं फक्त मुलगा, आणि सवलतीची मुदत संपल्यावर कोणता कारखाना निघून गेला, हें तेथल्या चहावाल्यास विचारावें. त्याला तें बहुधा ठाऊक असतें.