खुर्च्या कमी करताना

आठवड्यातले काही दिवस घरून काम सुरू झालं, की मालकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो भाड्याचा. निम्मी माणसं घरी, मग एवढी जागा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर घाईनं काढलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलं. पुण्यात खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी अ‍ॅडमिन सांभाळत होते.

माणसं २००, प्रत्येकानं तीन दिवस ऑफिसात यायचं. वरिष्ठांनी गणित मांडलं: २०० गुणिले ३, भागिले ५, म्हणजे रोजची १२०. वर थोड्या जास्तीच्या धरून १३० खुर्च्या ठेवल्या आणि एक मजला सोडून दिला.

माणसं मात्र सरासरीनं येत नाहीत. शुक्रवार-सोमवार घरून काम केलं की कोल्हापूर-सोलापूरच्या पोरांना गावी चार दिवस मिळतात, त्यामुळे हे दोन्ही दिवस ओस. त्यात पुण्यात वीज-पाण्याच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, म्हणून त्या दिवशी तर घरी थांबायला कुणी तयार नसे. मंगळवार ते गुरुवार दीडशेच्या वर माणसं यायची. कुणी कँटीनच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचं, कुणी जिन्यात उभं राहून क्लायंटशी बोलायचं. सोडलेला मजला तोवर दुसऱ्या भाडेकरूकडे गेला होता. शेवटी बाहेर को-वर्किंगच्या जागा चढ्या दरानं घ्याव्या लागल्या.

म्हणून ज्यांच्यावर हे काम येणार आहे, त्यांना काही गोष्टी सांगते.

गेटवरच्या कार्डांची निदान तीन महिन्यांची नोंद काढा. गणपती-दिवाळीचे आठवडे बाजूला ठेवा आणि सर्वाधिक गर्दीचा दिवस धरून खुर्च्या ठरवा. तेवढ्या परवडत नसतील तर टीमनुसार दिवस वाटून द्या. पण ज्या टीमचं एकमेकींवाचून अडतं, त्यांना एकाच दिवशी बोलवा. नाहीतर ऑफिसात येऊनही माणूस पुन्हा व्हिडिओ कॉलवरच.

खुर्च्या कमी कराल तर एक-दोन माणसांच्या बंद खोल्या वाढवा. त्या नसल्या की बारा जणांची मीटिंग रूम एकटा माणूस कॉलसाठी अडवून बसतो. टेबल रोज बदलणार असेल तर प्रत्येकाला लॉकर हवाच. जागा बुक करून न येणारेही बरेच असतात. सकाळी ठरावीक वेळेनंतर ते बुकिंग आपोआप रद्द होईल अशी सोय करा.

आता करार. भाडं सहसा चार्जेबल एरियावर लागतं. हाती येणारा कार्पेट एरिया त्याहून बराच कमी असतो. खुर्च्या कार्पेटवर मोजा. लॉक-इन किती, भाडेवाढ कधी, सोडताना जागा पूर्ववत करून द्यायचा खर्च कुणाचा, हे आधी वाचा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तेव्हा ‘लागला तर मजला परत देऊ’ असं जागामालक म्हणाले, तर ते वाक्य त्याच करारात घालून घ्या. तोंडी शब्दावर मजला सोडू नका.