आधी तेच सांग

अमरावती

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर लघवीच्या जळजळीचं सांगत होतीस. गोळ्या झाल्या, चार दिवस बरं वाटलं, परत सुरू. मग आवाज खाली आणून म्हणालीस, “आणि मावशी, ते पण आता सहन होत नाही. मी पोरीच्या खोलीत झोपते.” तेवढ्यात कोणी आलं असावं, फोन ठेवलास. म्हणून लिहिते.

ही दोन दुखणी बहुधा एकाच मुळाची आहेत. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं. योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं पडतं. मग जवळ येताना आग होते, लघवीला जळजळ होते, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात, हा कोरडेपणा मात्र उपचार केल्याशिवाय सहसा जात नाही. तेव्हा वाट पाहू नकोस.

मेडिकलमध्ये ल्युब्रिकंट जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. घरातलं खोबरेल पुष्कळजणी लावतात, पण तेलानं निरोध फाटतो. आणि निरोध एवढ्यात सोडूही नका: पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायची. जेलनं भागलं नाही तर डॉक्टर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात. त्याची मात्रा फार थोडी असते, रक्तात जेमतेम उतरते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल त्या बाईनं मात्र आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचं. साबणानं आतून धुण्याची सवय असेल तर आजच बंद कर.

कोणी “पिशवीच काढून टाका” म्हणालं तर मान डोलावू नकोस. पिशवी काढून कोरडेपणा जात नाही, आणि सोबत बीजकोश काढले तर हाच त्रास एका रात्रीत अंगावर येतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या हजारो पिशव्या काढल्याचं २०१९ च्या सरकारी चौकशीत निघालं, ते विसरू नकोस.

सरकारी दवाखान्यात सिस्टर होते तेव्हा रोज बघायची. बाई गुडघे सांगणार, बीपी मोजून घेणार, चप्पल पायात सरकवणार, आणि पडद्याशी पोचल्यावर म्हणणार, “सिस्टरबाई, एक इचाराचं होतं.” तोवर डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारलेला. तू खुर्चीवर बसल्याबरोबर म्हण: “पाळी जायला आली आहे आणि संबंधाच्या वेळी आग होते.” लाज वाटली तर आठव: र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं देत. त्यावरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, तरी १९५३ साली वारले तोवर त्यांनी मासिक चालवलं. इतक्या जुन्या काळी लोक विचारत होते गं, तू काऊन लाजतेस?

जावईबापूंना तू सांगितलेलं नाहीस, हे मला तुझ्या बोलण्यावरून कळलं. बायको रुसली की तिला आपला वीट आला, एवढंच ते बिचारे धरून बसले असतील. दिवसा, चहा घेताना सांग: दुखतं म्हणून दूर झोपते, तुमच्यावर राग नाही. उपचारानंतरही मन झालं नाही तर ‘नको’ म्हणायचा हक्क तुझाच. पण दुखण्यापायी हातात हात घेणंसुद्धा सुटावं, याचं मला फार वाईट वाटतं.

चिडचिड, रडू, रात्री तीनला जाग, हेही याच वयाचं. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन, त्यात आतून वाफा. घरच्यांना वाटतं बाईचं डोकं तापलं. पण दोन आठवडे कशातच जीव लागला नाही, जगणं नको वाटलं, तर ते वयावर ढकलू नकोस. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लाव, पैसे पडत नाहीत.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कधी थेंबभर जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, हे जाऊबाईंनाही सांगून ठेव.

सोमवारी तिथल्या लेडी हार्डिंग दवाखान्यात जा. आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि लघवीचे रिपोर्ट पिशवीत घाल. एकटीला जावंसं वाटत नसेल तर कळव, मी सकाळच्या एसटीनं येते.

तुझी,
मावशी