हरवलेल्या मुंगीची ओळख

मुंगी, मुंगळा, डोंगळा, ओंबील अशी चारसहा नावे आपल्या बोलीत आहेत आणि नित्याच्या व्यवहाराला ती पुरतात. शास्त्राला मात्र ती पुरत नाहीत. मुंग्यांच्या १४,००० हून अधिक जातींची वर्णने आजवर झाली असून त्यांपैकी ८०० हून अधिक जाती भारतात आढळतात. एवढ्या मोठ्या समुदायात एखादी मुंगी पूर्वी कोणीही न वर्णिलेली आहे, हे कशावरून ठरवावयाचे? आणि तसे ठरल्यावर तिचे वर्णन कसे करावयाचे? ऑस्ट्रेलियातील एका मुंगीच्या इतिहासावरून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली समजतात.

वर्णन म्हणजे काय?

‘लहान, पिवळी, चावरी मुंगी’ हे वर्णन शेकडो जातींना लागू पडेल. म्हणून शास्त्रज्ञ भिंगाखाली ठरावीक अवयव ठरावीक क्रमाने पाहतो. मिशांना पेरी किती, जबड्यांवर दात किती, डोळे केवढे व डोक्यावर कोठे बसविलेले, वक्ष आणि पोट यांना जोडणाऱ्या कमरेला गाठी एक की दोन, अंगावरील केस आखूड की लांब, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, हे सर्व तो टिपतो. डोक्याची लांबी व रुंदी मोजून त्यांचे प्रमाण काढतो. कारण एकाच वारुळातील मुंग्या आकाराने लहानमोठ्या असू शकतात, परंतु अवयवांची परस्पर प्रमाणे सहसा फारशी ढळत नाहीत.

यानंतर तुलना येते. पूर्वी वर्णन झालेल्या जवळच्या सर्व जातींशी ही लक्षणे ताडून पाहावी लागतात. कोठेही मेळ बसला नाही, तरच नवीन नाव देता येते. हे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कधी शंका उत्पन्न झाल्यास तो नमुनाच साक्षीदार असतो.

दोन नमुने

१९३१ च्या डिसेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॅलाडोनिया येथून एक प्रवासी तुकडी दक्षिणेस समुद्राच्या दिशेने गेली. बॅलाडोनियाला राहणाऱ्या निसर्गप्रेमी चित्रकर्त्री ॲमी क्रॉकर यांच्यासाठी या तुकडीने वाटेत कीटक गोळा केले. क्रॉकर यांनी ते मेलबर्नच्या संग्रहालयातील कीटकशास्त्रज्ञ जॉन क्लार्क यांच्याकडे धाडले. त्यांत फिकट सोनेरी पिवळ्या रंगाच्या, सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या दोन कामकरी मुंग्या होत्या.

लांब, दातेरी जबडे व मोठे डोळे यांमुळे त्या ऑस्ट्रेलियातील ‘मिर्मेसिया’ वंशातील, म्हणजे तेथे ‘बुलडॉग मुंगी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंग्यांसारख्या दिसत. परंतु मिर्मेसियाच्या कमरेला दोन गाठी असतात. या मुंग्यांना एकच होती. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, पण शरीररचनेच्या दृष्टीने तो मूलगामी आहे. क्लार्क यांनी १९३४ साली तिच्यासाठी नवा वंश स्थापिला आणि तिचे नाव ‘नोथोमिर्मेसिया मॅक्रॉप्स’ असे ठेवले. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘खोटी मिर्मेसिया’ आणि दुसऱ्याचा ‘मोठ्या डोळ्यांची’. अशा रीतीने तुलनेचा सारा निष्कर्ष त्या दोन शब्दांत आला आहे.

शेहेचाळीस वर्षांचा शोध

वर्णन निर्दोष होते. उणीव होती ती स्थळाच्या नोंदीत. तुकडीने शेकडो किलोमीटरांचा प्रवास केला होता आणि नमुने त्या वाटेवर नेमके कोठे मिळाले, हे कोणीच लिहून ठेवले नव्हते. दरम्यान या मुंगीचे महत्त्व वाढत चालले. तिची साधी कंबर व इतर लक्षणे पाहता, मुंग्यांच्या प्राचीन पूर्वजांचे काही गुण तिने जपले असावेत, असे अभ्यासकांना वाटू लागले. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात, म्हणजे अश्मीभूत राळेत, तिच्यासारख्या मुंग्यांचे अवशेष सापडले होते. जिवंत वसाहत मिळाली असती, तर मुंग्यांच्या सामाजिक जीवनाचा आरंभ कसा झाला असेल, यावर प्रकाश पडला असता.

अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९५५ साली त्या प्रदेशात शोध केला. त्यांच्यानंतर इतरांनीही केला. मुंगी कोणालाच मिळाली नाही. अखेर १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये रॉबर्ट टेलर यांच्या नेतृत्वाखाली कॅनबेराहून पश्चिमेकडे निघालेल्या तुकडीने दक्षिण ऑस्ट्रेलियातील पूचेरा या खेड्याजवळ मुक्काम केला. रात्र थंडीची होती. एरवी अशा हवेत मुंग्या बाहेर पडण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. तरीही टेलर निलगिरीच्या वनात गेले आणि तेथे त्यांना ही मुंगी फिरताना आढळली. पहिल्या नमुन्यांचा मानलेला प्रदेश येथून सुमारे १,३०० किलोमीटर पश्चिमेस होता!

जिवंत मुंगीने काय सांगितले?

मृत नमुन्यावरून रचना कळते, राहणी कळत नाही. पूचेरा येथील अभ्यासाने ही उणीव भरून काढली. या मुंगीची वसाहत लहान, साधारणतः ५० ते १०० कामकऱ्यांची असते. वारुळ जमिनीवर उंचावत नाही. काही मिलिमीटर रुंदीचे एकुलते भोक पाचोळ्याखाली दडलेले असते. संधिप्रकाशात कामकरी मुंग्या एकेकट्या बाहेर पडतात, निलगिरीच्या झाडांवर चढतात आणि थंडीने गारठलेले कीटक पकडतात. ज्या थंडीत इतर मुंग्या बिळात बसतात, त्याच थंडीत हिला शिकार सोपी जाते. पुष्कळ मुंग्या गंधाच्या रेषेवरून चालतात. ही मात्र डोक्यावरील फांद्यांची आकृती नजरेने ओळखून घरी परतते. ‘मोठ्या डोळ्यांची’ या नावाचे मर्म असे चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर उलगडले.

आणखीही काही गोष्टी उघड झाल्या. घर्षणाने बारीक ध्वनी काढण्याचा तिचा अवयव पोटाच्या खालच्या अंगास आहे. इतर मुंग्यांत तो वरच्या अंगास असतो. राणीचे पंख आखूड असल्यामुळे तिला दूर उडून जाता येत नाही.

नाव मिळाले, आता रक्षण

राणी दूर जात नसल्यामुळे वनाचा एखादा तुकडा नष्ट झाला, तर तेथील वसाहतींना दुसरीकडे बस्तान बसविणे अवघड होते. पूचेरा येथे शोध लागल्यानंतर भूमिगत दूरध्वनी तारा टाकण्याच्या कामात त्याच जागेची झाडी तोडली व जाळली गेली. सुदैवाने जवळपास इतर वसाहती उरल्या होत्या आणि पुढे त्या भागात आणखी काही ठिकाणीही ही मुंगी सापडली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या लाल सूचीत १९९६ साली तिची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली. ज्या जातीला नाव नाही, तिची अशी नोंद सहसा करता येत नाही, आणि ज्या जातीचे ठिकाण ठाऊक नाही, तिचे रक्षण करता येत नाही. जातीचे वर्णन हे केवळ संग्रहालयाचे काम नव्हे, ते यावरून ध्यानात येईल.

१९३१ च्या त्या दोन मुंग्यांसोबत चार ओळींची चिठ्ठी असती, तर किती श्रम वाचले असते! म्हणून विद्यार्थ्यांनी कोणताही कीटक अभ्यासासाठी घेताना एक नियम पाळावा: नमुना आणि त्याची नोंद यांची कधीही ताटातूट होऊ देऊ नये. गाव, नेमकी जागा, दिनांक, वेळ, हवामान आणि झाड किंवा जमीन यांचा प्रकार, एवढे त्याच वेळी, त्याच जागी लिहावे. स्मरणावर विसंबू नये. आपल्या शाळेच्या आवारातील मुंग्यांपैकी एखादीची राहणी अद्याप कोणी नीट पाहिलेली नसेल, हे अगदी शक्य आहे.

स्वाध्याय

१. आवारात आढळणाऱ्या दोन प्रकारच्या मुंग्या भिंगातून पाहा. कमरेच्या गाठी मोजा व आकृत्या काढा.

२. एकाच वारुळाच्या तोंडाशी सकाळी, दुपारी व सूर्यास्तानंतर दहा दहा मिनिटे थांबून बाहेर पडणाऱ्या मुंग्या मोजा. त्या त्या वेळचे तापमान लिहा. संख्या व तापमान यांचा काही संबंध दिसतो का?

३. केवळ रंग व आकार यांवरून केलेले जातीचे वर्णन अपुरे का पडते, ते या पाठाच्या आधारे स्पष्ट करा.