देवगिरी चढताना दमाची रसद

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीला वेढा घातला, तेव्हा गडावर घाईनं चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. कडा आणि तट शाबूत होते, पण रसद तुटली होती. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचंही या गडावर असंच होतं. पायांत बळ असतं, पोटात नाश्ता असतो, पण स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही.

चढाचा हिशेब

देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच. ६० किलो वजनाचा माणूस ५ किलोची सॅक घेऊन तो चढला, तर साधारण १२० ते १५० किलोकॅलरी खर्च होतात. ही किंमत तेवढ्याच वजनाच्या सगळ्यांना जवळपास सारखीच. ओढणाऱ्याला ती महाग पडते, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्तात जो ऑक्सिजन उरतो, तोही स्नायूंजवळ सहज सुटत नाही. निकोटीननं ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. श्वासनळ्या आक्रसल्यामुळे नुसता श्वास ओढायलाच जास्त ताकद लागते.

मग शरीर चरबी बाजूला ठेवून साठवलेली साखर भराभर वापरतं. ऑक्सिजनशिवाय साखर वापरली, की तिच्यातून मिळायच्या ऊर्जेचा जेमतेम पंधरावा हिस्सा हाती लागतो. लॅक्टेट साचतं, पोटऱ्या भरून येतात. बिडी हलकी, हा समज सोडा. ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात.

आदल्या दिवसापासून

- रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. शेवटची सिगारेट आदल्या संध्याकाळीच संपवा. सकाळी चहासोबतची टाळा. फुफ्फुसांचं नुकसान यानं भरून निघत नाही, पण रक्त बरंच मोकळं होतं.
- निकोटीन भूक मारतं. भूक नसली तरी पोहे, केळं खाऊन निघा. सोबत गूळ-शेंगदाणे आणि दोन लिटर पाणी ठेवा.

गडावर

- चांदमिनारपर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे. तिथं अंग गरम करून घ्या. खरा चढ खंदकावरच्या पुलानंतर.
- बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा. वाक्य तुटायला लागलं की थांबा.
- पुढे अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट लागते. तिच्यात टॉर्च हवाच. तिथं घाई नको.
- अंधारीतून बाहेर पडल्यावर अनेकजण सावलीत बसून सिगारेट पेटवतात. सगळ्यात वाईट वेळ हीच. हृदय आधीच धावत असतं, त्यात माथ्याजवळच्या बारादरीच्या पायऱ्या अजून बाकी असतात. शिवाय उन्हाळ्यात एका थोटकानं वाळलेलं गवत पेटतं.
- छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली तर चढ तिथंच सोडा आणि १०८ ला फोन करा.

पुढची फेरी

पहिल्या फेरीत बारादरीपर्यंत किती वेळा थांबलात ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी सिगारेट सोडा. मदतीला १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत सेवा आहे. दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत रक्ताभिसरण आणि फुफ्फुसांची ताकद सुधारत जाते. तीन महिन्यांनी त्याच पायऱ्यांवर परत या, तेच थांबे मोजा. डोंगर तेवढाच असेल. तुमची रसद पोहोचू लागलेली असेल.