न बनवताच पदार्थाची पारख

प्रश्न : बॅटरीसाठी नवा पदार्थ कॉम्प्युटरने शोधला, अशी बातमी वाचली. पदार्थ तर प्रयोगशाळेत तयार होतो. तो न बनवता कॉम्प्युटरला कसा सापडतो?

उत्तर : पदार्थ टिकेल का, वीज वाहून नेईल का, लिथियमच्या आयनांना वाट देईल का, हे बरंचसं त्यातल्या इलेक्ट्रॉनांवर ठरतं. इलेक्ट्रॉनांचे नियम १९२६च्या सुमारासच माहीत झाले होते. अडचण होती गणिताची. प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या सगळ्यांना ढकलतो, त्यामुळे त्यांची संख्या थोडी वाढली तरी समीकरण हाताबाहेर जातं. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५मध्ये यातून वाट काढली. एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे लागायची गरज नाही. ते कुठे किती दाटीने आहेत एवढं कळलं, तरी पदार्थाची ऊर्जा काढता येते, आणि तिच्यावरून तो टिकेल का याचा अंदाज येतो. १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल कोन यांना याच कामासाठी मिळालं.

हा हिशेब कॉम्प्युटर करतो, आणि तो नुसता आकडा देत नाही, कारणही दाखवतो. आज अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट असतं. त्यात लिथियम एकाच दिशेच्या अरुंद बोगद्यांमधून धावतं, असं २००४मध्ये कॉम्प्युटरवर दिसलं. २००८मध्ये जपानी संशोधकांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने ते प्रत्यक्ष पाहिलं. वाट एकाच दिशेची असेल, तर एखादा चुकीच्या जागी बसलेला अणूही ती अडवतो. म्हणून या पदार्थाचे कण बारीक, म्हणजे बोगदे आखूड, ठेवणं फायद्याचं, हे त्यातून स्पष्ट झालं.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा जानेवारी २०२४मधली असावी. मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ३ कोटी २० लाखांहून जास्त काल्पनिक पदार्थ चाळणीला लावले. ज्ञात स्फटिकांमधली मूलद्रव्यं बदलून ही यादी तयार केली होती. इतक्यांचा पूर्ण हिशेब करणं परवडत नाही, म्हणून आधी जुन्या हिशेबांवर शिकवलेल्या एआयने झटपट अंदाज केले. टिकाऊ वाटणारे सुमारे ५ लाख उरले. पुढे कडक कसोट्या लावत यादी १८वर आली. त्यांतला सोडियम, लिथियम, यिट्रियम आणि क्लोरिनचा एक पदार्थ प्रयोगशाळेत बनवून तपासला गेला. त्याने बॅटरीतलं लिथियम ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल, असा अंदाज मांडला गेला.

मग प्रयोगशाळा कशाला? कारण हा हिशेब बहुतेकदा निर्दोष स्फटिकाचा, तोही शून्य केल्विन तापमानाचा असतो. खऱ्या पदार्थात भेगा पडतात, ओल शिरते, अणू जागा चुकतात. तो कोणत्या कच्च्या मालापासून, किती तापमानाला बनेल, हेही या हिशेबातून कळत नाही. त्यामुळे अशी पुढची बातमी वाचाल, तेव्हा पदार्थ कुणी बनवून मोजला आहे का, ते आधी शोधा. लाखोंचे आकडे चाळणीत काय टाकलं ते सांगतात. खरं मोल त्या मोजमापाचं.